मुलांच्या मनगटाला शिक्षा कशासाठी?

सुट्टी लागली की गावोगावी क्रिकेटची शिबिरे भरतात. गोलंदाजी शिकणाऱ्या दहा-बारा वर्षांच्या मुलाला तिथे एक वाक्य हमखास ऐकावे लागते, "मनगट पडतंय तुझं!" मग ठरलेले उपाय सुरू होतात. आणखी शंभर चेंडू टाक. मनगट लॉक ठेव. चेंडू घट्ट धर. घरी डंबेल्स मार. काही ठिकाणी तर जड चेंडूने सराव करून घेतात. काही आठवड्यांनी असा एखादा मुलगा क्रेप बँडेज गुंडाळून दवाखान्यात येतो आणि पालक विचारतात, "डॉक्टर, याचं मनगट मजबूत व्हायला काही टॉनिक द्या ना!"

असे टॉनिक नाही, आणि त्याची गरजही नाही. वाढत्या वयातील मुलाचे मनगट 'पडते' तेव्हा दोष बहुधा त्याच्या ताकदीचा नसतो. तो हातातल्या चेंडूचा, पकडीचा आणि थकव्याचा असतो. कारण न शोधता मनगटावर भार वाढवत जाणे म्हणजे निदान न करता औषधाचा डोस वाढवण्यासारखे आहे.

मनगट नेमके काय करते?

मनगटात आठ छोटी हाडे असतात. बोटे हलवणारे मुख्य स्नायू मात्र बोटांत नसून कोपराखालच्या हातात असतात. तिथून निघालेल्या दोरीसारख्या शिरा मनगटावरून बोटांपर्यंत जातात. त्यामुळे चेंडू जोरात आवळला की मनगटाभोवतीचे स्नायूही सगळीकडून ताठ होतात. 'घट्ट धर' आणि 'मनगटाचा झटका दे' या दोन सूचना म्हणूनच एकमेकींच्या विरुद्ध आहेत.

मध्यमगती गोलंदाजाचे मनगट चेंडूच्या मागे, थोडे मागे वळलेले हवे. पहिली दोन बोटे शिवणीच्या दोन्ही बाजूंना, अंगठा खाली, आणि तळहात व चेंडू यांच्यात थोडी फट. चेंडू सुटताना ही दोन बोटे शेवटी निघाली की चेंडूला उलटी फिरकी मिळते आणि फिरणाऱ्या भोवऱ्यासारखी शिवण सरळ राहते. लेगस्पिनमध्ये वळलेले मनगट सुटताना उलगडते आणि तिसरे बोट चेंडूला पीळ देते. हे सारे सेकंदाच्या अगदी छोट्या भागात घडते. तेवढ्या वेळात मेंदू चूक दुरुस्त करू शकत नाही. म्हणून चेंडू सुटत असताना ओरडून काही साधत नाही. सवय आधी, सावकाश लावावी लागते.

लहान हात, मोठा चेंडू

क्रिकेटच्या नियमांनुसार पुरुषांचा चेंडू साधारण १५६ ते १६३ ग्रॅमचा असतो. तेरा वर्षांखालील मुलांसाठी नियमांतच वेगळा, १३३ ते १४४ ग्रॅमचा आणि आकाराने लहान चेंडू सांगितला आहे. तरीही दहा वर्षांच्या मुलाच्या हातात मोठ्यांचा सीझन बॉल दिला जातो. त्याची दोन बोटे तो पेलू शकत नाहीत. मग तो चेंडू तळहातात दाबून धरतो, तिसरे बोट लावतो, आणि मनगट एका बाजूला झुकते. प्रशिक्षकांना दिसते ते 'कमजोर मनगट'. प्रत्यक्षात मूल आपल्या हाताला न मावणारी वस्तू कशीबशी सांभाळत असते!

याहून महत्त्वाची गोष्ट हाडांची. मनगटाजवळ, हाताच्या हाडांच्या टोकाशी, वाढीची पट्टी असते. ती कूर्चेची, म्हणजे हाडापेक्षा मऊ असते. मुलींमध्ये साधारण १५-१६ आणि मुलांमध्ये १७-१८ वर्षांपर्यंत ती खुली राहते. तिच्यावर वारंवार ताण आला तर आधी दुखते, आणि दुर्लक्ष केल्यास वाढीवरही परिणाम होऊ शकतो.

शंभर चेंडूंचा हिशेब

इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने तेरा वर्षांखालील वेगवान गोलंदाजांना सामन्यात एका स्पेलमध्ये ५ आणि दिवसात १० षटकांची मर्यादा घातली. १० षटके म्हणजे ६० चेंडू. आपल्याकडे नेटमध्ये 'शिक्षा' म्हणून त्याहून जास्त टाकून घेतात. थकलेल्या मुलाचे खांदे पडतात, कंबर वाकते आणि मनगटही कोसळते. पुढचा प्रत्येक चेंडू तीच वाईट सवय पक्की करतो. शिवाय अतिगोलंदाजीमुळे तरुण वेगवान गोलंदाजांच्या कमरेच्या मणक्यात बारीक फ्रॅक्चर होते, हे वैद्यकशास्त्राला चांगलेच माहीत आहे.

"पूर्वीचे गोलंदाज दिवसभर टाकायचे, त्यांना काय झालं?" असे यावर हमखास विचारले जाते. जे टिकले त्यांचीच नावे आपल्याला ठाऊक आहेत. सोळाव्या वर्षी दुखण्याने खेळ सोडलेल्यांची यादी कोणी ठेवली नाही. आणि एकच 'आदर्श मनगट' असते हाही भ्रम आहे. भागवत चंद्रशेखर यांचा उजवा हात बालपणीच्या पोलिओने बारीक झाला होता. त्याच हाताने त्यांनी ५८ कसोटींत २४२ बळी घेतले. डंबेल्सवाल्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावे.

काही पालकांना मनगट फिरवले तर 'फेकी' ठरेल अशी भीती वाटते. फेकीचा नियम कोपराबाबत आहे. गोलंदाजी करताना मनगट वाकवण्यास किंवा फिरवण्यास नियमांत स्पष्ट मुभा आहे.

मग सुधारणा कशी करायची?

१. वयानुसार लहान, हलका चेंडू द्या.
२. पकड सैल ठेवायला शिकवा. दुसऱ्याने ओढल्यावर चेंडू सहज निघाला पाहिजे.
३. सुरुवात उभ्याने, आठ-दहा पावलांवरून, फक्त मनगट आणि बोटांनी चेंडू सोडून करा. धाव आणि वेग नंतर.
४. चेंडूचा अर्धा भाग रंगवा किंवा शिवणीवर रंगीत पट्टी लावा. हवेत ती डगमगली की मुलाला स्वतःलाच चूक दिसते.
५. वीस-पंचवीस चेंडूंनंतर विश्रांती द्या. शिवण डगमगू लागली की त्या दिवसाचा सराव संपला.

या तक्रारी अंगावर काढू नका

करंगळीच्या बाजूला दुखणे, मनगट फिरवताना कट् आवाज होऊन कळ येणे, सूज, तळहात टेकून उठताना वेदना, किंवा विश्रांतीनंतरही न थांबणारे दुखणे असल्यास गोलंदाजी थांबवून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. हातावर पडल्यानंतर अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या खळग्यात दुखत असेल तर पहिला एक्स-रे नॉर्मल आला तरी निश्चिंत होऊ नका. तिथल्या छोट्या हाडाचे फ्रॅक्चर सुरुवातीला दिसत नाही असेही होते. वेदनाशामक गोळी किंवा स्प्रे मारून मुलाला पुन्हा नेटमध्ये पाठवणे हा तर निव्वळ निष्काळजीपणा आहे.

पालकांनो, शिबिराची फी भरताना चेंडू कोणता देणार आणि दिवसाला किती टाकून घेणार, हे दोन प्रश्न अवश्य विचारा. ज्या प्रशिक्षकाकडे त्यांची उत्तरे नाहीत, त्याच्या हाती आपल्या मुलाचे मनगट देऊ नका.