'कमी परिणाम' नेमका कोणावर?

बॉक्साईटपासून ॲल्युमिना काढण्यासाठी कारखाने गरम कॉस्टिक सोडा वापरतात. एक टन ॲल्युमिनामागे साधारण एक ते दीड टन तांबडा चिखल मागे उरतो. त्यालाच 'रेड मड' म्हणतात. त्याचा सामू बहुधा १० ते १३ असतो. अंगावर पडला तर कातडी भाजते, शेतात शिरला तर पीक जळते. मात्र घातक कचऱ्याबाबतच्या २०१६ च्या नियमांनी हा चिखल 'मोठ्या प्रमाणातील, कमी परिणामाचा' ठरवून घातक कचऱ्याच्या वर्गातून वगळला आणि स्वतंत्र मार्गदर्शक सूचनांवर सोपवला.

आमचा सवाल आहे, कमी परिणाम कोणावर? ४ ऑक्टोबर २०१० रोजी हंगेरीत आयका येथे या चिखलाच्या तलावाचा बांध फुटला आणि दहा माणसे मेली. त्यानंतर क्षारता मारण्यासाठी नदीत जिप्सम ओतावे लागले. आपल्याकडे झारखंडमधील मुरी येथे ९ एप्रिल २०१९ रोजी असाच बांध फुटला. अशा तलावांशेजारी मालक राहत नाहीत. कामगार, शेतकरी आणि आदिवासी राहतात.

उपाय नाहीत असेही नाही. फिल्टर प्रेसमध्ये चिखल पिळून सोड्याचे पाणी पुन्हा कारखान्यात वापरता येते. उरलेली क्षारता जिप्सम, समुद्राचे पाणी किंवा कार्बन डायऑक्साइड वापरून कमी करता येते. चिखलात लोह आणि ॲल्युमिना असल्याने सिमेंटच्या भट्टीत तो कच्चा माल म्हणून चालतो. बेळगावच्या कारखान्याचा चिखल सिमेंटसाठी जातो. ॲल्युमिनियमवर संशोधन करणारी केंद्र सरकारची संस्था तर आमच्या नागपुरातच आहे.

म्हणून पुनर्वापराला आमचा विरोध नाही, पाठिंबाच आहे. परंतु प्रक्रिया न करताच चिखल भरावात टाकायचा आणि त्याला पुनर्वापर म्हणायचे, हे आम्हाला मान्य नाही. तो कचऱ्याचा निपटारा नव्हे, कचऱ्याचे स्थलांतर आहे.

'प्रदूषण करील तो भरपाई देईल' हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने बिछडी प्रकरणात १९९६ सालीच लागू केले. त्या आधारे आमची मागणी स्पष्ट आहे. प्रक्रियेचा खर्च कारखान्याने उचलावा, तपासणीचे अहवाल ग्रामसभेपुढे मराठी, हिंदी, उडिया अशा तिथल्या भाषेत ठेवावेत आणि चिखल हाताळणाऱ्या कंत्राटी कामगाराला संरक्षक साधने द्यावीत. घटनेच्या कलम २१ मधील जगण्याचा हक्क तलावाच्या बांधापाशी येऊन संपत नाही!