आमचा पैसा, आमचा हिशेब

समजा तुमच्या वर्गाची सहल निघाली. प्रत्येकाने शंभर रुपये दिले. सहल झाल्यावर तुम्ही वर्गप्रमुखाला विचारले, "पैसे कसे खर्च झाले?" त्यावर तो म्हणाला, "तुला काय करायचे आहे?" तुम्हाला राग येईल की नाही? पैसे तुमचे आहेत, मग हिशेबही तुम्हाला समजलाच पाहिजे.

सरकारी कामांचेही असेच आहे. गावातला रस्ता, पाण्याची टाकी, शाळेची इमारत हे सारे लोकांच्या पैशातून होते. काड्यापेटी विकत घेणारा गरीब मजूरसुद्धा कर भरत असतो. तरीही कितीतरी वर्षे सरकारी कागद पाहण्याची सोय सामान्य माणसाला नव्हती. स्वीडनमध्ये असा हक्क लोकांना १७६६ सालीच मिळाला होता. आपल्याकडे मात्र इंग्रजांनी १९२३ साली सरकारी गुपिते राखण्याचा कायदा केला. ते परके राज्यकर्ते होते. पण देश स्वतंत्र झाल्यावरही कागद कपाटात बंद ठेवण्याची सवय सुटली नाही.

हे कपाट उघडायला लावले ते राजस्थानातील खेड्यापाड्यांच्या मजुरांनी. दुष्काळी कामांवर ते दिवसभर राबत, पण पूर्ण मजुरी त्यांच्या हातात पडत नसे. विचारले तर उत्तर मिळे, "तुम्ही काम कमी केले, असे कागदावर लिहिले आहे." मजूर म्हणाले, "मग तो कागद दाखवा!" अरुणा रॉय, निखिल डे, शंकर सिंह यांनी या लोकांबरोबर १९९० साली 'मजदूर किसान शक्ती संघटन' उभारले.

२ डिसेंबर १९९४ रोजी कोटकिराना या गावी पहिली जनसुनावणी झाली. सर्वांसमोर हजेरीपट वाचून दाखवले गेले. अशा सुनावण्यांत अनेक गोष्टी उघड झाल्या. ज्यांनी कधी कामच केले नाही, त्यांच्या नावांवर मजुरी उचललेली होती. अर्धवट कामे कागदावर पूर्ण झालेली होती. पुढे १९९६ साली ब्यावर शहरात लोकांनी चाळीस दिवस धरणे धरले. 'हमारा पैसा, हमारा हिसाब' ही त्यांची घोषणा होती.

तामिळनाडू आणि गोवा या राज्यांनी १९९७ साली माहितीचे कायदे केले. महाराष्ट्रातही लोकांनी आंदोलने केली आणि राज्याचा कायदा झाला. शेवटी १२ ऑक्टोबर २००५ पासून माहितीचा अधिकार जवळजवळ देशभर लागू झाला. दहा रुपये शुल्क भरून साधा अर्ज करायचा. माहिती कशासाठी हवी, हे सांगावे लागत नाही. साधारणपणे तीस दिवसांत उत्तर मिळाले पाहिजे. मिळाले नाही, तर अपील करता येते.

काही लोक म्हणतात, "अशा अर्जांमुळे कचेरीचा वेळ वाया जातो." काही जण उगाच त्रास देण्यासाठी अर्ज करतात, हे खरे आहे. देशाच्या संरक्षणाच्या काही गोष्टी गुप्त ठेवाव्या लागतात, हेही खरे आहे. कायद्यात तशी सूट आहे. पण रस्त्याच्या खडीत कसले आले गुपित? हिशेब आधीच फलकावर लावला, तर अर्ज करायची वेळच येणार नाही.

हा हक्क स्वस्तात मिळालेला नाही. माहिती मागितली म्हणून काहींना मारहाण झाली, काहींचे प्राणही गेले. आजही पुष्कळांना उत्तरासाठी महिनोन्महिने वाट पाहावी लागते. म्हणून कायदा आहे एवढ्यावर समाधान मानू नका. वापरले नाही तर हत्यार गंजते.

तुम्ही घरी उर्दू बोलत असाल. आपल्या राज्याचा कारभार मराठीत चालतो. रेशन दुकानात धान्य किती आले, वस्तीतील गटाराचे काम का थांबले, हे विचारणारा अर्ज तुम्हाला मराठीत लिहिता आला पाहिजे. आजीला किंवा शेजारच्या चाचांना असा अर्ज लिहून द्या. सभ्य भाषेत, सही करून, न घाबरता विचारा. विचारणारा नागरिक हा सरकारचा शत्रू नसतो. तो या देशाचा मालक असतो, आणि मालकाने हिशेब मागायचाच असतो.