खजिना मिळाला, आता कारभार करा

गेल्या श्रावणातल्या एका शनिवारी रात्री माझ्या सोळा वर्षांच्या भाच्यानं वहीतून मान वर केली आणि विचारलं, “मावशी, विठू का गेला? त्याचा पगार मी एकदाही थकवला नव्हता.” टेबलाभोवती आम्ही पाच जण होतो. बराच वेळ कुणी बोललं नाही.

विठू हे आमच्या खेळातलं एक पात्र. साधा मशालची. भाच्याचा लढवय्या पहिल्यांदा भुयारात उतरला तेव्हापासून त्याच्यापुढे उजेड धरून चालणारा.

हे खेळ ज्यांना ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’सारख्या टेबलटॉप रोलप्लेइंग खेळात प्रत्येक जण एकेक पात्र घेतो. कुणी लढवय्या होतो, कुणी जादूगार, कुणी चोर. एक जण गेम मास्टर असतो, तो उरलेलं सगळं जग सांभाळतो. काय घडलं ते बोलत बोलत ठरतं आणि जिथं निकाल अनिश्चित असेल तिथं फासे टाकतात. पराक्रम वाढेल तशी पात्राची लेव्हल वाढते. पुण्यात आमच्या घरी गेली नऊ वर्षं दर शनिवारी हा डाव मांडला जातो आणि गेम मास्टर मी असते. दिवसा मी सहकारी बँकेच्या कर्ज विभागात काम करते.

या खेळातला एक वाद जुना आहे. पात्रं मोठी झाली की त्यांनी स्वतःची गढी बांधावी, पदरी माणसं बाळगावीत, मुलखाचा वसूल गोळा करावा, असे नियम खेळात असावेत की नसावेत? बरेच खेळाडू म्हणतात, नसावेत. आम्ही राक्षसांशी लढायला बसतो, खतावणी लिहायला नाही. माझं मत उलट आहे. हे नियम असावेत, आणि दात काढलेले नसावेत.

मुळात या खेळाचा उगमच किल्ल्यात आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात डेव्ह आर्नेसन यांनी 1970च्या दशकाच्या सुरुवातीला ‘ब्लॅकमूर’ नावाचा डाव मांडला. त्यात वर एक किल्ला आणि एक जहागीर होती, आणि किल्ल्याखाली भुयारं होती. खेळाडू भुयारांत इतके रमले की वरचा किल्ला शत्रूनं घेतला आणि त्यांना दूरच्या मुलखात हद्दपार व्हावं लागलं. आर्नेसन यांच्या 1977च्या पुस्तकात याची हकिगत आहे. गॅरी गायगॅक्स आणि आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ 1974 साली तीन छोट्या पुस्तिकांत निघाला, तेव्हा त्यातल्या तिसऱ्या पुस्तिकेत किल्ल्याच्या बांधकामाचे दर आणि चाकरीतल्या माणसांचे पगार छापलेले होते. 1978च्या ‘प्लेयर्स हँडबुक’नं तर नवव्या लेव्हलच्या लढवय्यापुढे स्पष्ट सौदा ठेवला. गढी बांधा, भोवतालचा वीस ते पन्नास मैलांचा टापू निर्धोक करा, की शिबंदी आपणहून येईल आणि दर रहिवाशामागे महिना सात चांदीची नाणी मिळतील. शिबंदी टिकेल ती मात्र पगार मिळेल तोवरच.

पुढच्या आवृत्त्यांमध्ये हा भाग झिजत गेला. 2000 सालच्या तिसऱ्या आवृत्तीत पदरी माणसं हा एक ऐच्छिक गुण झाला. 2014च्या आवृत्तीत गढीसाठी कोष्टकातल्या काही ओळी उरल्या. लहान किल्ल्याचा खर्च 50,000 सुवर्णमुद्रा, बांधायला 400 दिवस, रोजचा चालवण्याचा खर्च 100 मुद्रा. लोकांना मात्र हे हवं होतं. मॅट कोल्व्हिल यांच्या ‘स्ट्राँगहोल्ड्स अँड फॉलोअर्स’ या पुस्तकासाठी 2018 साली खेळाडूंनी वर्गणीतून वीस लाख डॉलरहून अधिक रक्कम उभी केली.

आमच्या डावात भाच्याचा लढवय्या नवव्या लेव्हलला पोचला आणि त्यानं नदीच्या उतारावर किल्ला बांधायचं ठरवलं. आलेखाच्या कागदावर त्यानं बुरूज काढले, पागा काढली. सह्याद्रीतले गड चढलेल्या आमच्यातल्या एकीनं पहिला प्रश्न विचारला, “पाण्याची टाकी कुठं?” त्यानं ती खोडरबरानं जागा करून काढली. मग मी हिशेबाची वही पुढे केली. आम्ही खर्च 2014च्या कोष्टकाचा घेतो आणि वसूल 1978च्या नियमाचा. गावात माणसं 300. सात नाण्यांप्रमाणे 2,100 चांदीची नाणी, म्हणजे 210 सुवर्णमुद्रा. किल्ल्याचा महिन्याचा खर्च 3,000. सरळसरळ आतबट्ट्याचा व्यवहार.

त्यानं काय केलं? कर दुप्पट केला. तरी आले 420. पुढच्या महिन्यात मी नकाशावरची चाळीस घरं पुसली. माणसं रातोरात उठून गेली होती. मोहीम संपल्यावर मी विठूच्या निष्ठेचे फासे टाकले. हा नियम मी 1981च्या जुन्या संचातून घेतला आहे. त्यात दर मोहिमेनंतर दोन फासे टाकून चाकराची निष्ठा पाहतात. साधारण व्यक्तिमत्त्वाच्या धन्यासाठी चाकराचा आकडा सात, बेरीज त्याच्या वर गेली की चाकर चालता होतो. फासे सगळ्यांसमोर पडले. चार आणि पाच. विठूनं मशाल दरवाज्याशी ठेवली आणि तो गेला.

भाच्याच्या प्रश्नाला उत्तर अखेर आमच्यातल्या सी. ए. मैत्रिणीनं दिलं. ती हळूच म्हणाली, “त्या चाळीस घरांत त्याचंही घर असेल ना रे.”

नऊ वर्षांत मी या मंडळींपुढे कितीतरी राक्षस उभे केले. ड्रॅगन आणले, भुतं आणली. त्यांपैकी कुणीही टेबलावर अशी शांतता आणली नव्हती. राक्षस मारला की प्रश्न मिटतो, खजिना वाटून घेतला की रात्र संपते. गढी बांधली की आपण घेतलेला निर्णय पुढच्या महिन्यात आपल्याच दारात येऊन उभा राहतो. बँकेत मी रोज कर्जाच्या फायली पाहते. एका आकड्यामागे किती घरं असतात हे कळायला मला तिथं बरीच वर्षं लागली. माझ्या भाच्याला ते एका शनिवारी कळलं.

म्हणूनच 2024च्या नव्या पुस्तकातले ‘बॅस्टियन’चे नियम मला अपुरे वाटतात. गढी परत आली, तीही पाचव्या लेव्हलपासून, याचा आनंद आहे. पण तिथली नोकरमाणसं पगाराची चिंता न लावता एकनिष्ठ राहतात. हल्ला झाला आणि पहारेकरी उरले नाहीत, तर एखादं दालन पुढच्या पाळीपुरतं बंद राहतं. ज्या गढीतून आपल्या निर्णयामुळे कुणी सोडून जात नाही, ती गढी म्हणजे नुसतं शोभेचं घर. पदरच्या माणसाला ‘नाही’ म्हणता आलं पाहिजे. निष्ठेचे फासे हा या सगळ्या नियमांचा कणा आहे. तो काढून बाकीचं ठेवण्यात अर्थ नाही.

विरोधकांचे दोन आक्षेप मात्र खरे आहेत. पहिला, हिशेबात वेळ जातो. दुसरा, एकाची गढी झाली की बाकीचे जांभया देत बसतात. दोन्हींवर जुन्याच खेळांनी उत्तरं दिली आहेत. ग्रेग स्टॅफर्ड यांच्या 1985च्या ‘पेंड्रॅगन’मध्ये जहागिरीचं, घोड्यांचं, मुलाबाळांचं सगळं वर्षातून एकदा, हिवाळ्यात पाहतात. 1987च्या ‘आर्स मॅजिका’मध्ये जादूगारांचा मठ सगळ्यांचा सामायिक असतो आणि तिथले शिपाई-नोकर खेळाडू आळीपाळीनं वठवतात. आम्ही दोन्ही उचललं. वही आता ऋतूतून एकदा उघडते, अर्ध्या तासात मिटते. किल्ला सगळ्या खेळाडूंचा आहे. आज लढवय्या असलेला मुलगा पुढच्या शनिवारी त्याच किल्ल्याची भाकरी भाजणारी बाई होतो, आणि कर वाढला की ती बाई काय बोलते हे त्याला स्वतःच्या तोंडानं बोलावं लागतं.

तिसरा एक प्रश्न विरोधक सहसा विचारत नाहीत, तो मीच विचारते. वीस मैलांचा टापू ‘निर्धोक’ करायचा म्हणजे तिथं आधीपासून राहणाऱ्यांचं काय करायचं? आमच्या नदीच्या पलीकडे गॉब्लिनांची वस्ती होती. जुना नियम त्यांना शत्रू म्हणून मोकळा होतो. आम्ही तीन शनिवार वाटाघाटी केल्या. ते तीन शनिवार आमच्या डावातले सर्वांत चांगले होते. गढीचा नियम नसता तर ती वस्ती एका संध्याकाळी कापून निघाली असती आणि कुणाला खंतही वाटली नसती.

मराठी घरात वाढलेल्याला खरं तर हे समजावून सांगावं लागू नये. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करताना आपण नुसती तटबंदी करून थांबतो का? पायथ्याशी गाव मांडतो, विहीर करतो, हळीव पेरून शेत उगवतो, वाटेवर मावळे उभे करतो. माणसांवाचून किल्ला पुरा होत नाही हे आपल्याला पाचव्या वर्षीच ठाऊक असतं. पंधराव्या वर्षी खेळताना ते विसरायचं काय कारण?

तेव्हा जे गेम मास्टर आहेत त्यांना माझं सांगणं आहे. तुमची पात्रं नवव्या लेव्हलला पोचली की पुढचा, आणखी मोठा ड्रॅगन थोडा थांबवा. त्यांना एक नदी द्या, तीनशे माणसं द्या आणि एक कोरी वही द्या. निष्ठेचे फासे पडद्याआड टाकू नका, सर्वांसमोर टाका. आणि आईवडिलांना सांगणं हे, की मुलं फासे घेऊन बसली म्हणून कपाळाला आठ्या घालू नका. एकदा शेजारी बसून ऐका, ती कशावरून भांडताहेत ते.

भाच्यानं कर पुन्हा सातवर आणला. वरचा बुरूज बंद केला, निम्मी माणसं कमी केली, उरलेला खर्च सगळ्या खेळाडूंनी खजिन्यातून वाटून घेतला. मग तो स्वतः विठूला शोधायला गेला. विठू परत आला, पण मशाल त्यानं पुन्हा हातात घेतली नाही. तो आता नदीच्या उतारावर नाव चालवतो, आणि त्याचा पगार वहीत पहिल्या ओळीवर लिहिलेला आहे.