एका दिवसात आवरलेलं घर
१८०५ साली मराठीचं व्याकरण लिहिणारा विल्यम कॅरी आपल्याला अभ्यासक म्हणून ठाऊक आहे. तो मिशनरी म्हणून निघाला, तेव्हा त्याच्या घरात काय चाललं होतं ते फारसं कुणी सांगत नाही. त्याची स्वतःची तयारी जय्यत होती. इंग्लंडमध्ये जोडे शिवता शिवता तो लॅटिन, ग्रीक, हिब्रू शिकला. १७९२ मध्ये देशोदेशींच्या लोकसंख्येचे तक्ते मांडून त्याने पुस्तिका काढली, त्याच वर्षी केटरिंगला मित्रांनी मिशनची सोसायटी स्थापली आणि १३ पौंड २ शिलिंग ६ पेन्सची वर्गणी कबूल केली. एवढ्या भांडवलावर हिंदुस्थान! त्याची बायको डॉरथी हिने मात्र साफ नकार दिला. लग्नाच्या नोंदवहीत सहीऐवजी फुली करणारी ही बाई, पदरात तीन मुलगे आणि पुन्हा दिवस गेलेले. कॅरी थोरल्या फेलिक्सला घेऊन जहाजावर चढला, पण कंपनी सरकारचा परवाना नव्हता, म्हणून त्यांना उतरावं लागलं. तो घरी परतला, तोवर चौथा मुलगा जाबेझ जन्मला होता. पुन्हा मनधरणी झाली. बहीण किटी सोबत येणार असेल तर येते, असं डॉरथी म्हणाली आणि घर एका दिवसात आवरलं गेलं. १३ जून १७९३ रोजी तान्ह्या बाळासकट सगळे डॅनिश जहाजाने निघाले. पुढच्याच वर्षी बंगालमध्ये त्यांचा पाच वर्षांचा मुलगा पीटर दगावला. डॉरथीचं मन ढळलं, ते १८०७ मध्ये मरेपर्यंत सावरलं नाही. कॅरीच्या कामाचं मोल मोठंच. त्याची किंमत मुख्यतः तिने मोजली.