नाटक भांगाला लावा

विंगेतून / पडदेवाला

राज्य नाट्य स्पर्धेचा निकाल पेपरात आला की लोक आधी पहिला नंबर कुणाचा ते बघतात आणि मग अभिनयाच्या प्रमाणपत्रांत ओळखीचं नाव शोधतात. मधल्या दोन-तीन ओळी कुणी वाचत नाही. प्रकाशयोजना, नेपथ्य, रंगभूषा. १९५४ पासून ही स्पर्धा चालू आहे आणि पडद्यामागच्या निदान एवढ्या कामांची दखल सरकार घेतं, याबद्दल तक्रार नाही. पण नेपथ्याचं बक्षीस सेट कागदावर काढणाऱ्याला मिळतं. तो सेट टेम्पोतून उतरवणारे, मध्यंतरात फिरवणारे आणि रात्री दीड वाजता परत टेम्पोत चढवणारे चारजण त्या ओळीत नसतात. त्यांनाही बक्षीस द्या असं मी म्हणत नाही. पडदा पाडण्याचं रौप्यपदक निघालं तर उद्या पडदा पाडायलाही ऑडिशन घेतील. माझं म्हणणं एवढंच की हौशी मंडळं बंद पडतात ती नट नाहीत म्हणून नव्हे, हे चौघं येईनासे झाले म्हणून. आणि ते का येईनात, हा विषय मंडळाच्या बैठकीत कधी निघत नाही.

पाचूबंदरला हे जास्त स्वच्छ दिसतं. समोर समुद्र, पाठीला वसईचा किल्ला, मधे वाळूवर ओढलेल्या होड्या आणि बोंबील वाळवायच्या वलांड्या. ख्रिस्ती कोळी, हिंदू कोळी अशी वस्ती. अशा गावात नाटक होतं ते नाताळाला, देवळाच्या किंवा चर्चच्या सणाला, किंवा शाळेच्या स्नेहसंमेलनाला. बांधीव नाट्यगृह नाही, मांडव घालायचा. काम करायला पोरं-पोरी पुष्कळ मिळतात, मोबाइलवर व्हिडिओ टाकून ती आधीच सरावलेली असतात. पण मांडवाच्या मागे हात लागतात तेव्हा कोण येतं? खलाशी येतात. ज्यांनी नाटकाची संहिता वाचलेली नाही आणि वाचणारही नाहीत, असे चाळिशी-पन्नाशीचे बाप्ये येतात आणि न सांगता बांबूला हात घालतात.

पडद्याचंच घ्या. मांडवातला पडदा म्हणजे दोन खांबांमध्ये ताणलेली तार, त्यावर कड्यांनी अडकवलेले कापडाचे दोन पदर, आणि दोन्ही टोकांच्या कप्प्यांतून फिरणारी एकच दोरी. एका बाजूनं ओढली की पदर उघडतात, दुसऱ्या बाजूनं ओढली की मिटतात. शहरातला मांडववाला सुती दोरी देतो. समुद्राकाठी संध्याकाळी सातनंतर हवा दमट होते, सुती दोरी फुगते आणि कप्पीत अडकते. मग नायिका बेशुद्ध पडून उठते तरी पडदा अर्ध्यातच. पाचूबंदरचा माणूस ती दोरी बघूनच बाजूला टाकतो. होडीवरचा नायलॉनचा दोर आणतो. तो सुतीइतकं पाणी धरत नाही, पण गुळगुळीत असल्यामुळे साध्या गाठीला सुटतो, म्हणून गाठीचा शेंडा परत गुंतवून घेतो. हे त्याला कुठल्याही नाट्यशिबिरात कुणी शिकवलेलं नाही. शिबिरात शिकवतही नाहीत. तिथे तीन दिवस आवाजाची फेक चालते.

एका तालमीत वसईच्या संत गोन्सालो गार्सियाचा प्रवेश बसवत होते. हा इथेच वसईत जन्मलेला फ्रान्सिस्कन, ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला आणखी पंचवीस जणांबरोबर क्रुसावर गेला आणि १८६२ मध्ये संत म्हणून जाहीर झाला. दिग्दर्शक तरुण, उत्साही. त्याला सव्वीस क्रूस हवे होते. रंगमंच वीस फुटांचा. बरीच घासाघीस होऊन तीन क्रुसांवर तडजोड झाली, बाकीचे सावल्यांनी दाखवायचे ठरले. पण तीन क्रूस तरी उभे कसे करायचे आणि पुढच्या प्रवेशाआधी काढायचे कसे? सुतार म्हणाला, खिळे ठोकतो. खिळे ठोकले तर अंधारात काढायला दहा मिनिटं. कोपऱ्यात बिडी विझवून बसलेला एक तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, उठला, आडवा बांबू उभ्याला दोराच्या तीन वेढ्यांनी बांधला आणि शेवटी सरकगाठ घातली. नटानं पूर्ण भार टाकला तरी बांबू हलला नाही. शेंडा ओढल्यावर सगळं मोकळं. दिग्दर्शकानं टाळ्या वाजवल्या. तांडेलाला त्यात टाळ्या वाजवण्यासारखं काय आहे ते कळलं नाही.

नावाड्यांचा आणि नाटकाचा हा संबंध आपल्याकडचाच आहे असं नाही. युरोपातल्या जुन्या थिएटरांत सगळे देखावे दोरखंडांनी वर ओढायचे आणि खाली सोडायचे, आणि त्या कामाला बंदरात रिकामे बसलेले खलाशी घ्यायचे, असं तिकडचे रंगकर्मी सांगतात. खलाशी एकमेकांना इशारे शिट्टीनं देत. म्हणून इंग्लंडातल्या रंगमंचांवर शिट्टी वाजवणं अजूनही अपशकुनी मानतात. चुकून शिट्टी वाजली आणि वरच्यानं दोर सोडला तर पडद्याचा दांडका नटाच्या डोक्यात. आपल्याकडे शिट्टी प्रेक्षकांतून येते, तिचा अर्थ निराळा. पण दोर, गाठ, कप्पी आणि वेळेवर सोडणं, एवढ्या भांडवलावर जगभरचं नाटक उभं राहिलेलं आहे. मराठी नाटकाचा पहिला माणूसही हातानं काम करणारा होता. १८४३ मध्ये सांगलीला ‘सीता स्वयंवर’ करणारे विष्णुदास भावे लाकडी कळसूत्री बाहुल्या स्वतः घडवत. पाच नोव्हेंबरला रंगभूमी दिनाची भाषणं करताना त्यांच्यातला हा कारागीर कुणाला आठवत नाही.

प्रायोगिक रंगभूमीचा इतिहासही आपण नटांच्या आणि नाटककारांच्या नावांनी सांगतो. ‘रंगायन’ या नाट्यसंस्थेतून बाहेर पडलेल्यांनी १९७१ मध्ये ‘आविष्कार’ ही संस्था काढली, १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात नाटकं होऊ लागली आणि ‘छबिलदास चळवळ’ हे नाव पडलं. शाळेचं सभागृह म्हणजे शाळा सुटल्यावर मिळणार आणि दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आत जसं होतं तसं करून द्यायचं. खुर्च्या मांडा, दिवे बांधा, तिकिटं फाडा, नाटक संपलं की सगळं उलट करा. वर्षानुवर्षं हे जमलं ते अरुण काकडे यांच्यासारख्या माणसांमुळे. ‘काकडेकाका’ २०१९ मध्ये गेले तेव्हा श्रद्धांजल्यांत त्यांच्या भूमिकांपेक्षा त्यांच्या धावपळीच्या आठवणीच जास्त होत्या, आणि ते योग्यच झालं. काकडे ‘मदत’ करत नव्हते. ते नाटक करत होते.

खरी गोम या ‘मदत’ शब्दाच्या वापरात आहे. मंडळाच्या बैठकीत भूमिका वाटून झाल्या की उरलेल्यांना सांगतात, ‘तू बॅकस्टेजला मदत कर.’ म्हणजे ज्याला भूमिका मिळाली नाही त्याची समजूत काढायची जागा. तो येतो, दोन तालमी बसतो, कुणी विचारत नाही म्हणून निघून जातो. प्रयोगाच्या दिवशी फोन करून बोलावलं की येतो तो आयत्या वेळी, आणि चुकीच्या बाजूनं टेबल ढकलतो. नटांच्या चाळीस तालमी होतात, तांत्रिक तालीम एकही होत नाही. प्रयोगाच्या दिवशी दुपारी चारला दिवे येतात, सहाला त्यांची तोंडं फिरवून होतात, आठला नांदी. तालमींच्या चाळीस दिवसांतला एक दिवस, नट न बोलता नुसते जागा बदलत आहेत, दिवे, पडदा, सामान आणि संगीत ओळीनं लागत आहे, असा ठेवा. शाळेच्या वहीत क्यू लिहा: कोणत्या वाक्यावर काय, कोणी, कोणत्या बाजूनं. ती वही मंडळाच्या कपाटात राहू दे. पुढच्या वर्षी दुसरा माणूस आला तर त्याला कोऱ्या पानापासून सुरुवात करायला लागू नये.

बायकांच्या वाट्याला मागे काय येतं तेही बघा. चहा, पोहे आणि सुई-दोरा. पाचूबंदरात हे विशेष हास्यास्पद आहे. ज्या बाईनं पहाटे मासळीच्या भावावर व्यापाऱ्याला घाम फोडलेला असतो, होडीच्या डिझेलचा आणि खलाशांच्या वाट्याचा हिशोब जिला तोंडपाठ असतो, तिला आपण संध्याकाळी विचारतो, ‘बाय, साडीला पिना लावशील का?’ आणि मांडववाल्याशी, जनरेटरवाल्याशी बोलायला मंडळाचा सेक्रेटरी जातो, जो पहिल्याच आकड्याला मान डोलावून येतो. हौशी नाटकाचं निम्मं मरण पैशात आहे. वाटाघाटी बायकांकडे द्या, एका वर्षात फरक कळेल. दिव्यांच्या डिमरलाही बोटंच लागतात. ती बोटं पुरुषाचीच असावीत असं कुठल्या शास्त्रात आहे?

आणखी एक गोष्ट पाचूबंदरला निराळी आहे आणि ती मला फार आवडते. पडद्यामागचा माणूस दिसू नये असा नाटकाचा रिवाज आहे. काळे कपडे, अंधार, दबकी पावलं. समुद्रकाठच्या मांडवात पूर्ण अंधार होतच नाही. बाहेर होडीवरचा दिवा, शेजारच्या घराची ट्यूब, पुढच्या रांगेतले मोबाइल. दिवे गेले तरी सगळं गाव बघत असतं की खुर्ची कोण उचलतंय. पुढे वाळूत बसलेली पोरं ओरडतात, ‘मामा, तांब्या राहिला!’ मामा वळून तांब्या उचलतो, पोरांना हात दाखवतो, हशा होतो, आणि पुढचा प्रवेश सुरू होतो. शहरातला परीक्षक याला दोष म्हणेल, गुण कापील. ‘घाशीराम कोतवाल’ नाटकात ब्राह्मणांची रांग पडदा होते तेव्हा आपण तिला शैली म्हणतो. मामाला मात्र लपायला सांगतो.

आता तारखेबद्दल, जे सांगायला मी बसलो होतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. या एकसष्ट दिवसांत पाचूबंदर घरी असतं. जाळी दुरुस्त होतात, होड्यांची डागडुजी होते, आणि संध्याकाळी माणसं मोकळी असतात. तालमी यात बसतात, म्हणून त्यांना गर्दी असते. पण पावसात उघड्यावर प्रयोग लावता येत नाही, तो जातो थंडीत. थंडीत दर्या चालू. पावसाळ्यात गाठी मारून दाखवणारा तांडेल डिसेंबरात प्रयोगाच्या रात्री समुद्रात असतो आणि मंडळ म्हणतं, ‘लोकांना आता नाटकाची आवड राहिली नाही.’ आवड आहे. पाणी चालू आहे.

यावर उपाय पंचांगात आहे. या पट्ट्यात डोलीची मासेमारी मोठी. डोल म्हणजे पाण्याच्या ओढीत तोंड उघडून धरलेलं पिशवीसारखं जाळं. ते माशांमागे धावत नाही, प्रवाहच मासळी त्यात आणून टाकतो. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला ओढ जोराची, तेव्हा होड्या थांबत नाहीत. अष्टमी-नवमीच्या आसपास भांग असतो, पाणी सुस्त, डोलीत हाती कमी लागतं, आणि माणसं किनाऱ्यावर सापडण्याची शक्यता जास्त. हे गावातल्या कुठल्याही पोराला माहीत आहे, पण मंडळाची बैठक तारीख ठरवताना भिंतीवरच्या कॅलेंडरात फक्त लाल आकडे बघते. रविवार प्रेक्षकांना सोयीचा हे खरं. रविवार आणि भांग एकत्र येणारे दिवसही महिन्यात निघतात, शोधावे लागतात. नाताळ हलवता येत नाही हे मान्य, पंचवीस डिसेंबरला उधाण आलं तर आलं. त्या वर्षी सुट्टीवर असलेले नोकरदार, कॉलेजची पोरं आणि निवृत्त मंडळी यांना ऑगस्टपासूनच दोर हातात द्यावा लागेल. पण वर्षातले बाकीचे प्रयोग तरी भांगाला लावता येतील.

राज्य स्पर्धेत तारखा सांस्कृतिक कार्य संचालनालय ठरवतं. तिथे कोळीवाड्याच्या संघानं अर्जासोबत आपल्याला कोणते दिवस जमतील ते लिहून द्यावं. मानतील न मानतील, पण भरती-ओहोटीचा विचार करून तारीख मागणारा अर्ज मुंबईतल्या फायलीत एकदा तरी जाऊ दे. तिथला कारकून दोन वेळा वाचेल.

श्रेयनामावलीचंही थोडं बदला. प्रयोगाआधी निवेदक नावं वाचतो तेव्हा रंगमंच व्यवस्थेला ‘मंडळाचे कार्यकर्ते’ अशा दोन शब्दांत गुंडाळतो. नावं वाचा, कामासकट. पडदा कोणाचा, दिवे कोणाचे, डाव्या विंगेत कोण, उजव्या विंगेत कोण. वेळ जातो अशी तक्रार आली तर प्रमुख पाहुण्यांचा परिचय एका परिच्छेदानं कमी करा, त्यांना चालतं. आणि जेवण. प्रयोगानंतर नट फोटो काढून घेतात तोवर मागचे लोक सामान आवरत असतात. ते हात धुऊन येतात तेव्हा पातेल्यात रस्सा उरलेला असतो, तुकडे गेलेले असतात. मासळीच्या गावात असं होणं शोभत नाही. पातेलं आधी मागच्यांकडे फिरवा.

पुढच्या मोसमाची बैठक बोलवाल तेव्हा संहितेच्या झेरॉक्सबरोबर भिंतीवरचं कालनिर्णयही काढून टेबलावर ठेवा. अष्टम्यांवर पेन्सिलनं खुणा करा. त्यांतल्या कोणत्या रविवारच्या जवळ पडतात ते बघा, आणि टेम्पोवाल्याला त्याच संध्याकाळी सांगून ठेवा. लग्नसराईत तो मिळत नाही.