एफएमचा सौदा आणि गावाचे तास

‘बिग एफएम’ २०२४ मध्ये सफायर मीडियाकडे गेलं तेव्हा बोललं गेलं ते किमतीबद्दल. अनिल अंबानी समूहाने २००६ मध्ये सुरू केलेलं आणि पुढे ५८ केंद्रांपर्यंत वाढलेलं हे जाळं दिवाळखोरीच्या प्रक्रियेतून २६१ कोटींना विकलं गेलं. २०१९ मध्ये ‘रेडिओ सिटी’च्या कंपनीने त्याच्यासाठी १,०५० कोटींचा सौदा जाहीर केला होता, तो फिसकटला. गाणं मोबाइलवर मिळू लागलं, जाहिरातदारही तिकडे वळले, वर कोविड. भाव पडणारच होता.

मालक बदलला म्हणून लगेच गळा काढण्यात अर्थ नाही. परवाना शुल्क उत्पन्नाच्या ४ टक्के, पण प्रवेश शुल्काच्या अडीच टक्क्यांपेक्षा कमी चालत नाही. म्हणजे धंदा बसला तरी सरकारचं देणं ठरलेलं. शिवाय मनोऱ्याचं भाडं, गाण्यांची रॉयल्टी. केंद्राला टाळं लागण्यापेक्षा नवा धनी बरा. २००१ मध्ये बंगळुरूत सुरू झालेली ‘रेडिओ सिटी’ गुंतवणूक निधीकडून जागरण समूहाकडे गेली, तरी तिचं नाव टिकलं. मालक दूरचा असला की आवाजही परका होतो, हेही खरं नाही. ‘रेड एफएम’ चेन्नईच्या सन समूहाशी जोडलेली, पण २०१७ मध्ये मुंबईच्या खड्ड्यांवरचं विडंबन तिच्याच निवेदिका मलिष्काने गायलं आणि महापालिकेला ते चांगलंच झोंबलं.

अर्थात मुंबईच्या बाजारपेठेत मलिष्का परवडते. प्रश्न लहान केंद्रांचा आहे. खर्चाला कात्री लावायची तर पहिला बळी तिथल्या निवेदकाचा, आणि सरकारच्या २०११ च्या एफएम धोरणाने एकच कार्यक्रम देशभरच्या आपल्या केंद्रांवरून ऐकवायला मोकळीकही दिली. अन्नू कपूर यांचा ‘सुहाना सफर’ हा ‘बिग एफएम’चा हिंदी कार्यक्रम सोलापुरातही आवडीने ऐकला जाईल, त्याबद्दल तक्रार नाही. पण उजनी धरणाचं पाणी आज कोणत्या भागात येणार, गड्डा यात्रेच्या दिवसांत कोणता रस्ता बंद, हे अन्नू कपूर सांगणार नाहीत. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, फक्त आकाशवाणीच्या पुन्हा ऐकवता येतात. पाणी, वीज, वाहतूक, हवामान यांची माहिती मात्र धोरणाने बातम्यांतून वगळली आहे. परवानगी आहे, सक्ती कुणावरच नाही.

हस्तांतराच्या वेळी सरकार पाहतं ते मुख्यतः भागभांडवल आणि थकबाकी; एका समूहाकडे देशातल्या १५ टक्क्यांहून जास्त वाहिन्या जात नाहीत ना, हे २०२२ पर्यंत पाहिलं जाई, पुढे ती मर्यादाही काढली गेली. प्रसारणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असं न्या. पी. बी. सावंत यांनी सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या निकालात लिहिलं. ती मालमत्ता हाती घेणाऱ्याला ‘गावासाठी रोज किती तास देणार?’ असं विचारणं गैर कसं?

यावरचा आक्षेप खोटा नाही. तासांची सक्ती केली की अधिकारी रजिस्टर तपासणार आणि मालक रात्री दोनला ध्वनिमुद्रित गप्पा लावून तास भरणार. म्हणून नुसती सक्ती नको, देवाणघेवाण हवी. लहान शहरातलं केंद्र सकाळ-संध्याकाळ मिळून चार तास तिथूनच थेट बोलत असेल, तर त्याची अडीच टक्क्यांची किमान अट माफ करावी. सरकारचा थोडा महसूल बुडेल, बुडू द्यावा. खासगी एफएम परवान्यांच्या दुसऱ्या टप्प्यातून आलेल्या बहुतेक केंद्रांचे परवाने मार्च २०३० मध्ये संपतात. हे कलम नव्या करारात घालायचं तर मसुदा त्याआधीच व्हायला हवा, आणि त्यावर मालकांच्या संघटनेइतकंच सोलापूर-जळगावच्या निवेदकांनाही विचारायला हवं.