योग हवा, पण सोसण्यासाठी नको

बायकांच्या गटांत बसलं की हल्ली एक प्रश्न वरचेवर निघतो. ‘मी आजवर कधी व्यायाम केलेला नाही. जरा फिट व्हायचंय, अंग आवळून यायला हवंय, डोकं शांत व्हायला हवंय. योग सुरू करू का?’ या प्रश्नाला दोन ठरावीक उत्तरं मिळतात. एक जाहिरातीतलं: योग म्हणजे सगळ्यावरचा उपाय, आजच नाव नोंदवा. दुसरं आपल्याच काही कार्यकर्त्या मैत्रिणींचं: योग म्हणजे बुवाबाजी आणि संस्कृतीचा डांगोरा, त्या वाटेला जाऊच नये. आम्हाला ही दोन्ही उत्तरं नामंजूर आहेत.

आमचं म्हणणं असं की नव्यानं सुरुवात करणाऱ्या बाईला योग मानवतो. पण तिनं मागितलेल्या तीन गोष्टी तो सारख्या मापानं देत नाही. आणि जी गोष्ट तो सगळ्यात चांगली देतो, ती म्हणजे विसावा, नेमकी तीच तिला घरात कुणी मिळू देत नाही.

आधी आपल्या मैत्रिणींच्या आक्षेपाबद्दल. हठयोगाच्या जुन्या ग्रंथांत बाई म्हणजे वाटेतली धोंड, हे खरंच आहे. हठयोगप्रदीपिका नवख्या साधकाला विस्तव, प्रवास आणि स्त्रीसंग टाळायला सांगते. साधक हा पुरुषच, हे गृहीत! पण म्हणून बायका दाराबाहेर थांबल्या नाहीत. मुंबईच्या योग इन्स्टिट्यूटच्या सीतादेवी योगेंद्र यांनी १९३४ साली बायकांसाठी योगाचं पुस्तक लिहिलं. पुण्यात गीता अय्यंगार यांनी कित्येक दशकं शिकवलं, आणि पाळी, गरोदरपण, पाळी जाणं या आपल्या शरीराच्या गोष्टींना योगाच्या पुस्तकात हक्काची जागा दिली. बी. के. एस. अय्यंगार यांनी पट्टा, लाकडी ठोकळा, घडी घातलेलं ब्लँकेट, खुर्ची यांची मदत घ्यायला शिकवलं, त्यामुळे ताठरलेल्या, थकलेल्या शरीरालाही आसन जमू लागलं. त्या सतरंजीवर बायकांचेही कष्ट आहेत. ती कुणा बुवाला किंवा पक्षाला आंदण का द्यायची?

आता तीन गोष्टींचं माप घेऊ.

पहिली, विसावा. इथे योगाची बाजू भक्कम आहे. श्वास संथ केला, अंग एकेक करून सैल सोडलं, की मनावरचा ताण उतरतो याला अनुभवाचा आणि अभ्यासाचाही आधार आहे. बायकांच्या जुनाट कंबरदुखीलाही त्याचा उपयोग होतो. अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेनं २०१७ साली जुनाट कंबरदुखीत गोळ्यांच्या आधी करून पाहायच्या उपायांत योग घातला आहे.

दुसरी, फिटनेस. इथे अर्धाच होकार. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाला आठवड्याला किमान १५० मिनिटं दम लागेल असा मध्यम व्यायाम हवा, शिवाय दोन दिवस स्नायूंना जोर देणारा. संथ आसनांनी सांधे मोकळे होतात, तोल सुधारतो, पण छातीचा भाता पुरेसा चालत नाही. वेगानं घातलेले सूर्यनमस्कार किंवा भरभर चालणं जोडीला लागतंच. पाळी गेल्यावर हाडं ठिसूळ होऊ लागतात, त्यांना वजन पेलण्याचं काम द्यावं लागतं. नुसत्या प्राणायामानं ते होणार नाही. ‘घरकाम हाच बायकांचा व्यायाम’ म्हणणाऱ्यांनाही हेच उत्तर. ओट्याशी तासन्‌तास उभं राहणं, वाकून फरशी पुसणं यानं कंबर आणि गुडघे झिजतात, दमसास वाढतोच असं नाही.

तिसरी, टोनिंग. हा शब्द शरीरशास्त्राचा कमी आणि बाजाराचा जास्त. स्नायू वापरला की बळकट होतो, खाणं आणि हालचाल यांचा मेळ बसला की चरबी कमी होते. यापलीकडे ‘टोन’ नावाची काही चीज नाही. पोटाची आसनं केली म्हणून फक्त पोटाची चरबी उतरत नाही, दंडाची केली म्हणून दंडाची नाही. तरी क्लासच्या फलकावर बाई बारीकच असते, तरुणच असते आणि बहुधा गोरीही. दोन बाळंतपणं झालेल्या पोटाची लाज वाटावी म्हणून हा सगळा खटाटोप. लाज विकली की पॅकेज विकलं जातं. मैत्रिणींनो, योग कराच, पण आरशासाठी नको.

आता मूळ मुद्दा. २०२४ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीनुसार आपल्या देशात बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचे रोजचे सरासरी २८९ मिनिटं त्यात जातात, पुरुषांचे ८८. मग योगासाठी अर्धा तास कुठून काढायचा? उत्तर ठरलेलं असतं: पहाटे लवकर ऊठ. म्हणजे डबे, पाणी, सासऱ्यांची औषधं जशीच्या तशी, आणि विसाव्याचा वेळ कापायचा तो तिच्याच झोपेतून! याला विसावा म्हणायचं की आणखी एक काम?

आणि विसावा तरी कशासाठी? नवरा अंगावर ओरडतो, ‘प्राणायाम कर, शांत होशील.’ वॉर्डात माणसं कमी, नर्सबाईंना सलग दोन पाळ्या, तर त्यांच्यासाठी तणावमुक्तीचं शिबिर. २०१५ पासून दर २१ जूनला कार्यालयांत सतरंज्या अंथरल्या जातात. त्यातल्या किती ठिकाणी पाळणाघर आहे, स्वच्छ संडास आहे? दुकानात दिवसभर उभ्या राहणाऱ्या बायांना बसण्याचा हक्क केरळनं २०१८ साली आणि तमिळनाडूनं २०२१ साली कायद्यानं दिला. बायांच्या पायांना त्या स्टुलानं जो आराम दिला, तो कुठलं आसन देणार होतं? जो योग बाईला अन्याय मुकाट सोसायला शिकवतो, त्याला आमचा विरोध आहे. ज्या बाईचा राग रास्त आहे, तिला शांत करणं हा उपचार नव्हे.

पोटाचा प्रश्नही विसरता येत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांमध्ये रक्त कमी आढळलं. डोक्यावर उसाची मोळी वाहणाऱ्या बाईला आधी पोटभर जेवण, झोप आणि मजुरी हवी. शहरातल्या बाईनंही क्लासची फी भरण्याआधी हिमोग्लोबिन तपासून घ्यावं. ते १२ च्या खाली असेल तर दम लागतो तो आळसामुळे नव्हे.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी आठवड्यातून तीन दिवस, अर्धा-अर्धा तास, एवढ्यावर समाधान मानावं. गुडघे वाकत नसतील तर खुर्चीवर बसून करावं. श्वास कोंडू नये. कळ आली की थांबावं. रक्तदाब, काचबिंदू किंवा मानेचं दुखणं असेल तर शीर्षासन, सर्वांगासन, हलासन नको. गरोदरपणात, किंवा अंग बाहेर येण्याचा त्रास असेल तर कपालभातीसारख्या पोटाला झटके देणाऱ्या क्रिया नकोत. पाळीत काय करायचं ते आपल्या अंगाला विचारून ठरवावं. आराम वाटतो म्हणून आसन टाळणं वेगळं, आणि विटाळ म्हणून सतरंजीवरून उठवणं वेगळं.

शिक्षक अंगाला हात लावून आसन सुधारत असेल तर त्यानं आधी विचारलं पाहिजे, आणि ‘नको’ म्हणायचा आपला हक्क आहे. ‘हॉट योगा’चे जगप्रसिद्ध गुरू बिक्रम चौधरी यांच्याविरुद्ध त्यांच्याच माजी कायदा सल्लागार बाईनं लैंगिक छळाचा दावा लावला आणि २०१६ साली लॉस एंजेलिसच्या ज्युरीनं तिला लाखो डॉलरची भरपाई मंजूर केली. गुरू म्हटला की प्रश्न विचारायचे नाहीत, ही सवय आता मोडायला हवी.

तेव्हा योग सुरू करू का, या प्रश्नाला आमचं उत्तर ‘हो’ असं आहे. पण त्याबरोबर घरात एक काम कायमचं दुसऱ्याच्या अंगावर टाका. तुम्ही शवासनात असताना कुकर नवऱ्यानं उतरवावा, शिट्ट्या मुलानं मोजाव्यात. आणि वस्तीत एकत्र येऊन मागणी करा की समाजमंदिर किंवा पालिकेच्या शाळेचा एक वर्ग आठवड्यातून तीन संध्याकाळी फक्त बायकांसाठी उघडा ठेवावा, लहान मुलं सांभाळायची सोय तिथेच असावी, फी नसावी. त्या वर्गात कुणी आसनं करेल, कुणी नुसती पडून राहील. त्या नुसत्या पडून राहणाऱ्या बाईला कुणी उठवायला आलं, तर त्याला बाहेरचा रस्ता दाखवा.